सातात तीन मुली

माय गेल्यावर आमच्या घरात सगळ्यात आधी थांबली ती उंबऱ्यावरची विचारपूस. बाबा नांदेडला पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर ऑपरेटर होते, त्यामुळे नळाला पाणी कधी येणार हे आमच्याच घरात ठरतं असं गल्लीतल्या बायकांना वाटायचं. सकाळी कुणी ना कुणी दारात येऊन, “अवो मित्राची माय, पाणी सुटून राहिलं का आज?” असं विचारायची. मित्रा म्हणजे मी. माय आतून भाकरी थापता थापताच उत्तर द्यायची, “हाव, दुपारून सुटंल. भांडे घासून ठेवा.” ती बालवाडीत शिकवायची. त्यामुळे घरात बोलतानाही तिचा आवाज वर्गातल्या शेवटच्या पोरापर्यंत पोहोचेल असाच लागायचा. ती गेल्यावर एक-दोघी सवयीनं उंबऱ्यापर्यंत आल्या, आत मला एकटीला बघून थबकल्या आणि काही न विचारता परत फिरल्या. नंतर कुणी आलं नाही.

ती फाल्गुनात गेली. आधी साधा ताप होता, मग तो डोक्यात चढला. तिला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा अंगणात सतरंज्या टाकून झालेल्या होत्या. मला रडू आलं नाही. मी ते आवरून धरलं होतं असंही नाही, आतून काही आलंच नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात आणि मग गाल आपलाच असून परक्याचा वाटतो, तसं माझं सगळं अंग झालं होतं. बायका गळ्यात पडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. “पोरगी रडून न्हाई राहिली, रडवा तिला,” असं कुणीतरी म्हणालं. मग माझं डोकं मायच्या साडीवर टेकवलं गेलं. साडीला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता, एवढंच मला कळलं. विहारात जलदान विधी झाला, भन्तेजींनी गाथा म्हटल्या, आणि मी आलेल्या माणसांना न चुकता पाणी दिलं. पोरगी धीराची आहे, असं लोक बाबांना सांगून गेले.

बाबांची थोरली बहीण, कुसुमआत्या, निलंग्याहून आली होती ती राहिलीच. ती विधवा होती, मुलगा हैदराबादला नोकरीला, घरात एकटी. आल्या दिवसापासून तिनं चूल हातात घेतली. ज्या भाजीला आम्ही अंबाडी म्हणायचो तिला ती पुंडी म्हणायची, त्यात लसणाची फोडणी आमच्यापेक्षा जास्त, आणि भाकरी कागदासारखी पातळ. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी ती अशी करायची की गल्लीच्या तोंडापर्यंत वास जायचा. ताटात पडेल ते मी खात होते. तिखट जिभेला लागायचं, नाकातून पाणी यायचं, पण चव म्हणून जे असतं ते कुठं पोहोचत नव्हतं. रोज संध्याकाळी आत्या मला न विचारता पुढ्यात बसवायची आणि केसांना तेल लावायची. तिची बोटं जड होती, वेणी घालताना डोळे ताणले जायचे. आज मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आले आहे, आणि आता वाटतं, भाऊ आणि भाची दोघंही गप्प असलेल्या त्या घरात तिनं इतके दिवस कसे काढले असतील.

एक दिवस जेवताना तिनं विषय काढला. “बापू, तुझी रातपाळी चुकत न्हाई. पोरीला एकटीला घरात ठेवून तू मोटारी चालू करणार का? मी हिला निलंग्याला नेते. तिथं बी कॉलेज हाय. न्हाईच जमलं तर बाहेरून परीक्षा दील.” मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात शिक्षणावरून कधी तडजोड झाली नव्हती. बाबांनी स्वतःची बदली नाकारली होती ती माझ्या शाळेसाठी. पण त्या दिवशी त्यांनी ताटातली खिचडी बोटानं सारखी केली आणि म्हणाले, “तू म्हणशील तसं, अक्का.” मग माझ्याकडं बघून विचारलं, “जाशील ना?” मी “हो” म्हणाले. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होते. चहा घेतेस का, हो. झोपतेस का, हो. ‘हो’ म्हटलं की समोरचा माणूस निघून जायचा.

कॉलेजला सुट्या लागल्या, माझी बॅग भरून झाली, आणि निघायच्या आठवड्यात अझहरभाई आणि शीतल घरी आले. अझहरभाईचं वडिलांबरोबर कूलरचं दुकान होतं. तो इंजिनिअरिंगला बेंगळुरूला गेला, डिग्री अर्धवट सोडून परत आला, आणि येताना सोबत एक प्लास्टिकची पांढरी थाळी घेऊन आला. तीच आमची फ्रिसबी. गोदावरीकडच्या मैदानात त्यानं पहाटे आम्हा पोरापोरींना जमवून एक क्लब उभा केला होता. खेळ तसा सोपा आहे. दोन्ही बाजूंना सात-सात जण. थाळी हातात आली की पळायचं नाही, उभ्या जागेवरून आपल्या माणसाकडं फेकायची, आणि असं फेकत-झेलत समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात कुणीतरी झेलली की एक गुण. मैदानावर पंच नसतो. चूक झाली तर ज्याची त्यानं सांगायची, भांडण झालं तर दोघांनी बोलून मिटवायचं. आणि आम्ही खेळायचो त्या प्रकारात सातात तीन मुली लागतातच.

मुलींचीच अडचण होती. प्रवेश परीक्षा, लग्नं, घरचे नको म्हणतात, अशा कारणांनी लातूरच्या उन्हाळी स्पर्धेसाठी दोघीच उरल्या होत्या. एक शीतल, अर्धापूरच्या केळीवाल्यांची, माझ्याच वर्गातली. आणि दुसरी बारावीतली एक छोटी. अझहरभाई दारातच उभा होता, आत यायला संकोचत होता. “चाचा, ऐसे टाइम पे विचारायला मला बी बरं न्हाई वाटून राहिलं,” तो बाबांना म्हणाला, “पर मित्रा आली न्हाई तर आपली टीमच उतरत न्हाई.” आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. “माय जाऊन किती दिवस झाले रे? आन ही ताटली फेकत फिरणार?” अझहरभाईनं मान खाली घातली. शीतल माझ्याकडं बघत होती. मी कुणाकडंच बघत नव्हते.

“लातूर वाटेवरच हाय,” बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांनी आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य असावं. “बॅग घेऊनच जाऊ. दोन दिवस खेळंल, मग तिथूनच निलंग्याची गाडी धरंल. मी जातो संगं.” आत्यानं पदर खोचला आणि ती दुसऱ्या दिवशी पुढं निघून गेली, निलंग्याचं घर झाडून ठेवायला. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय म्हणाले असते, ते सांगितलंच आहे.

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. बाबांनी सोबत पाण्याचे दोन मोठे जार घेतले होते, कंडक्टरशी हुज्जत घालून ते मागच्या सीटखाली ठेवले. “लातूरला उन्हाळ्यात पाण्याची बोंब असती,” ते म्हणाले. जन्मभर पाण्याच्या मोटारींपाशी बसलेल्या माणसाला दुसऱ्या गावच्या पाण्याचा भरवसा वाटत नाही. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती. शीतलनं घरून केळी आणली होती, ती पोरांत वाटता वाटता माझ्या मांडीवर एक ठेवून गेली. अहमदपूरच्या स्टँडवर बाबांनी ते सोलून माझ्या हातात दिलं, मी लहान असताना द्यायचे तसं, वरची साल थोडी ठेवून.

त्या स्पर्धेत मी चांगली खेळले. हे लिहिताना आजही अवघडल्यासारखं होतं. खरं तर मी बऱ्यापैकी पळणारी, पण घाबरट खेळाडू होते. अंगावर कुणी आलं की डोळे मिटायचे, थाळी छातीशी आली की हात उशिरा जायचे. लातूरला मला भीती वाटलीच नाही. सामने सकाळी लवकर आणि मग ऊन कलल्यावर असायचे, तरी मैदानातली माती बुटातून चटके द्यायची. बाकीची मुलं दर गुणानंतर बाहेर येऊन बाबांच्या जारखाली डोकं धरायची. आम्हा तिघींना बदली नव्हती, छोटी तर दुसऱ्या सामन्यातच रडकुंडीला आली. मी मात्र पळत राहिले. दम लागत होता, पण तो दुसऱ्या कुणाला तरी लागलाय असं वाटायचं. अझहरभाईनं समोरच्या संघातल्या सगळ्यात वेगवान मुलीवर मला लावायला सुरुवात केली. गुण झाला की आमची पोरं टाळ्या द्यायला हात पुढं करायची, मीही करायची. सकाळी नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला मिळायचा, वर शेंगदाणे आणि लिंबू. सगळे दुसऱ्यांदा घ्यायला रांगेत उभे राहायचे. मी त्यांच्याबरोबर उभी राहायची, कारण सगळे उभे असायचे.

बाबा मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसायचे. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी अझहरभाईला विचारलं, “पंच कुठं हाय?” तो म्हणाला, “पंच न्हाई चाचा. ज्यानं केलं त्यानंच सांगायचं.” बाबांना ते पटलं नाही. “मंग सगळे आपलंच खरं करत असतील,” ते म्हणाले. पण नंतर मी पाहिलं, वाद झाला की ते उठून उभे राहायचे आणि दोन पोरं एकमेकांशी काय बोलतायत ते ऐकायला मान पुढं काढायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उपांत्य सामना होता, लातूरच्याच संघाशी. त्यांची वैष्णवी नावाची उंच मुलगी माझ्यावर होती. गावचा संघ म्हणून कडेला बरीच गर्दी जमली होती, पिपाण्या वाजत होत्या. सामना मध्यावर आला असेल तेव्हा मला लिंबाखाली आत्या दिसली. ती मला न्यायला निलंग्याहून आली होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, शेजारी माझी बॅग. बाबांच्या बाजूला ती ताठ बसली होती.

बरोबरी झाली. वेळ संपत आली होती, पुढचा गुण ज्याचा त्याचा सामना. थाळी शीतलकडं होती, ती अडकली होती. मी आतून बाहेर पळाले, मग एकदम वळून त्यांच्या शेवटच्या पट्ट्याच्या कोपऱ्याकडं. शीतलनं उंच फेकली. थाळी वाऱ्यावर थोडी तरंगली आणि बाहेरच्या बाजूला वळायला लागली. मी उडी मारली, दोन्ही हातांत ती आली, आणि मी खाली आले ती आधी पायावर, मग गुडघ्यावर, मग कोपरावर घसरत गेले. आमची पोरं ओरडत मैदानात धावली. थाळी माझ्या हातातच होती.

वैष्णवी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ती धापा टाकत होती. “रेषेच्या आत पडला का गं पाय?” तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. कडेची रेष फक्कीची होती. दिवसभराच्या पायांनी ती तिथं पुसून गेली होती, मातीत नुसता पांढरट धुरळा उरला होता. रेषेवर पाय पडला तर बाहेर धरतात. सगळे गोळा झाले. अझहरभाई म्हणाला, “आरामसे. याद कर, मित्रा. पहिला पाय कुठं पडला?” त्यांच्यातला एक मुलगा म्हणाला, बाहेर होता, मी बघितलं. आमच्यातला एक म्हणाला, आत होता. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. या खेळात शेवटी खेळणाऱ्यालाच विचारतात.

मी आठवायला गेले. उडी आठवली, थाळी आठवली. पाय जमिनीला कधी टेकला, कुठं टेकला, काहीच आठवेना. जणू पाय माझा नव्हताच. हो म्हणावं असं वाटलं. हो म्हणणं सोपं होतं, पोरं नाचली असती, आणि मला पुन्हा कुणी काही विचारलं नसतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “माहीत नाही. मला काहीच कळलं नाही. मला बऱ्याच दिवसांपासून काही कळत नाही.”

शेवटचं वाक्य मी म्हणायला नको होतं असं त्या क्षणी वाटलं. वैष्णवी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिली. मग तिनं हात पुढं करून मला उठवलं आणि आपल्या मुलांना म्हणाली, “परत फेकू द्या.” नियमच तसा आहे, एकमत नसेल तर थाळी फेकणाऱ्याकडं परत जाते. थाळी शीतलकडं गेली. तिनं पुन्हा फेकली, या वेळी तोकडी पडली, आणि वैष्णवीनं मध्येच झेलली. थोड्या वेळात त्यांनी गुण केला. पिपाण्या वाजल्या. आम्ही हरलो.

खेळ संपल्यावर दोन्ही संघ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभे राहतात, तसे राहिलो. नंतर शीतलनं माझा गुडघा बघितला. पँट फाटली होती, आत माती आणि रक्त. “दुखून न्हाई राहिलं?” तिनं विचारलं. “नाही,” मी म्हणाले. तिनं तिचा रुमाल घट्ट बांधला.

आत्या बॅग उचलून उभी होती. “चल बाई, शेवटची गाडी सुटंल. पलंग आणलाय तुला नवा, खिडकीपाशी टाकलाय. कॉलेजच्या सरला बी भेटून आले.” मी तिच्यासमोर उभी राहिले. शीतल माझ्या मागंच होती.

“आत्या, मी येत नाही,” मी म्हणाले.

माझा आवाज अगदी सपाट निघाला. हट्ट नव्हता त्यात, दुःखही नव्हतं. आत्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “काय म्हणालीस?”

“मी निलंग्याला येत नाही. नांदेडलाच राहते.”

“हो म्हणाली होतीस की तूच, ताटावर बसून.”

“म्हणाले होते. पण मी तेव्हा सगळ्यालाच हो म्हणत होते.”

आत्यानं बाबांकडं बघितलं. “बापू, सांग हिला. रातच्याला घरात कोण हाय?” बाबा रिकाम्या जारचं झाकण लावत होते. शीतलच बोलली, “मी हाय की, आत्या. मला रोज अर्धापूरहून यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात, होस्टेलला नंबर लागला न्हाई. काकांची रातपाळी असंल तवा मी राहते तिच्याजवळ. घरी विचारते, पण हाव म्हणतील.” आत्या म्हणाली, “तू कोण गं मधी बोलणारी?” आणि मग बाबांनी झाकण लावून जार खाली ठेवला. “अक्का,” ते म्हणाले, “ती न्हाई म्हणली. मला ऐकू आलं.”

एवढंच. आत्या बॅग धरून तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि रडायला लागली. मला वाटलं ती रागानं रडतेय. पण ती म्हणत होती, “तिच्यावाणी भाकरी मला येत न्हाई, मला ठाऊक हाय. मी काय करू.” तेव्हा मला पहिल्यांदा लक्षात आलं की माय तिचीही कुणीतरी होती. दोघी भांडायच्या, एकमेकींच्या साड्या नेसायच्या, फोनवर तासतास बोलायच्या. मी तिच्याजवळ बसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. या वेळी तिच्या पाठीची हाडं मला हाताला लागली. बाबांनी तिला निलंग्याच्या गाडीत बसवून दिलं. नंतर दर सुटीत मी तिच्याकडं जात राहिले, ती जाईपर्यंत, आणि त्या खिडकीपाशीच्या पलंगावर झोपले. शीतल आमच्याकडं आली ती डिग्री होईपर्यंत राहिली. पण ते सगळं पुढचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडच्या घरात अंघोळीला गेले. बाबा स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होते, त्यांची सुरी पाटावर हळूहळू वाजत होती. गुडघ्याचा रुमाल रात्रभरात कातडीला चिकटला होता. मी तो तसाच धरून ओढला आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

“माय वं!”

मी ओरडले. नांदेडकडं कुणाला ठेच लागली, चटका बसला तरी तोंडातून हेच निघतं, त्यात विशेष काही नाही. पण शब्द न्हाणीच्या भिंतींवर आपटून परत माझ्या कानावर आला, आणि गुडघा असा पेटला की मला उभं राहवेना. मी तांब्या धरून फरशीवर बसले. सुरीचा आवाज थांबला होता.

“मित्रा?” बाबा दाराबाहेरून म्हणाले. “काय झालं?”

“गुडघा,” मी म्हणाले.

“लई दुखून राहिला का?”

“हाव,” मी म्हणाले, आणि रडायला लागले. बाबांनी दार वाजवलं नाही. ते बाहेर भिंतीला पाठ लावून खाली बसले, ते मला कळलं, कारण त्यांच्या गुडघ्यांचा कडकडाट झाला. मी आत रडत होते, ते बाहेर बसून होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पोह्यांचं तेल केव्हाच तापून गेलं असावं, धुराचा वास यायला लागला. मग ते उठले, गॅस बंद करून आले आणि दाराशी तोंड आणून म्हणाले, “पाणी ऊन करून देऊ का?”

“द्या,” मी म्हणाले.